अनुभव धागा : अमेरिकन साहित्यातलं धैर्य आणि अन्याय, तुम्ही कसं वाचता, कसं शिकवता?

'धैर्य' आणि 'अन्याय' हे शब्द परीक्षेच्या उत्तरात कुठल्याही अमेरिकन पुस्तकाला चिकटवता येतात, आणि मग सगळी पुस्तकं एकसारखी वाटू लागतात. हा धागा नेमकेपणासाठी आहे. कोणता कायदा किंवा कोणती रूढी आड येत होती, त्या माणसानं काय पणाला लावलं, आणि वाचताना, शिकवताना किंवा बसवताना कुठे घोळ होतो, एवढं लिहा. कथानकाचा सारांश नको.

अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवणारी

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'पासून (1960) सुरुवात करते. एकूण 31 प्रकरणं आहेत, खटला 17 ते 21 मध्ये येतो. वेळ कमी म्हणून बरेच जण थेट खटल्यावर उडी मारतात, आणि तिथेच पुस्तक हातातून निसटतं. 11वं प्रकरण वगळू नका. म्हाताऱ्या, तोंडाळ मिसेस ड्यूबोस मरण्यापूर्वी मॉर्फिनचं व्यसन सोडतात. हरणार हे आधीच माहीत असताना सुरुवात करायची आणि शेवटपर्यंत रेटायचं, हे धैर्य, असं वकील बाप अॅटिकस आपल्या मुलांना सांगतो. पहिला भाग इथेच संपतो. पुढे खटला हरला जातो, तेव्हा वाचकाकडे मोजपट्टी तयार असते.

खटल्याची प्रकरणं पुराव्याच्या अंगानं वाचून घ्या. कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनवर मेयेला यूएल या गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा आरोप आहे, आणि त्याचा वकील अॅटिकस. मेयेलाचा उजवा डोळा सुजलाय, गळ्याभोवती सगळीकडून बोटांचे वळ आहेत. टॉम रॉबिन्सनचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनमध्ये अडकून निकामी झालाय. मेयेलाचा बाप बॉब यूएल कोर्टात डाव्या हातानं सही करतो, म्हणजे समोरच्याचा उजवा डोळा सुजवणारा हात त्याचा असू शकतो. डॉक्टरला कुणी बोलावलेलंच नाही. डावं-उजवं इथे हमखास उलटं होतं. शेरीफसुद्धा आधी डावा डोळा सांगतो आणि मग दुरुस्त करतो. दोन मुलांना समोरासमोर उभं करा, पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. एवढं झाल्यावर विचारा : पुरावा इतका उघड आहे, तर मग ज्युरीनं दोषी का ठरवलं? अन्यायाचा धडा या प्रश्नापासून सुरू होतो.

वकिली करणारा वाचक

वरच्या प्रश्नाला जोड : स्कॉट्सबरो खटला. 25 मार्च 1931 रोजी अलाबामात मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय मुलांना उतरवून दोन गोऱ्या स्त्रियांवरच्या बलात्काराच्या आरोपाखाली अटक झाली. पंधरवड्यात आठ जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. 1932 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण मुलांना खऱ्या अर्थानं वकील मिळालाच नव्हता. 1935 मध्ये पुन्हा रद्द केली, कारण ज्युरीच्या याद्यांमधून कृष्णवर्णीयांना पद्धतशीर वगळलं होतं. हे दुसरं कारण वर्गात आवर्जून सांगा. कादंबरीतल्या मेकॉम्ब गावच्या बारा ज्युरींच्या मनात काय होतं हे शोधण्याआधी त्या बाकांवर कोण बसूच शकत नव्हतं हे बघायचं.

न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांचंही नाव घ्या. 1933 मध्ये त्यांनी पुरावा टिकत नाही म्हणून ज्युरीचा निकाल बाजूला ठेवला, आणि 1934 ची निवडणूक हरले. तिथे न्यायाधीशपद मतांवर मिळायचं, त्यामुळे धैर्याची किंमत थेट मतपेटीत मोजली गेली.

मात्र एक आक्षेप नोंदवतो. ही कादंबरी अन्याय गोऱ्या मुलीच्या नजरेतून दाखवते. टॉमच्या घरात आपण जवळपास जातच नाही. एवढंच वाचून थांबलात तर कृष्णवर्णीय माणूस फक्त सोसणारा, आणि धैर्य त्याच्या वकिलाचं, असा समज पक्का होतो.

गुलामगिरीच्या आत्मकथनांवर काम करणारी

आक्षेप अगदी बरोबर, म्हणून ही दोन पुस्तकं.

फ्रेडरिक डग्लस यांचं 1845 चं आत्मकथन. सगळं वाचायला वेळ नसेल तर 6, 7, 10 आणि 11 ही प्रकरणं घ्या, याच क्रमानं. सहाव्यात मालकीण मुळाक्षरं शिकवू लागते आणि मालक ते बंद पाडतो. शिकलेला गुलाम कामाचा राहत नाही हे तो स्वतःच बोलून दाखवतो. सातव्यात डग्लस रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन अक्षरं मिळवतात. दहाव्यात गुलामांना 'सरळ' करणाऱ्या कोव्हीशी झुंज. वाचक या झुंजीपाशी थांबतात, पण मला अकरावं जास्त मोठं वाटतं. तिथे डग्लस आपण कसे पळालो ते सांगायला नकार देतात, कारण तीच वाट मागून येणाऱ्यांसाठी बंद होईल. 1838 च्या पलायनाची सविस्तर हकिकत त्यांच्या 1881 च्या आत्मचरित्रात आली. खलाशाची कागदपत्रं वापरून ते आगगाडीनं निघाले होते.

हॅरिएट जेकब्ज यांचं पुस्तक 1861 चं, लिंडा ब्रेंट या टोपणनावानं. मालकाच्या लैंगिक छळातून सुटण्यासाठी त्या आजीच्या घरालगतच्या छपराखालच्या पोकळीत जवळजवळ सात वर्षं लपल्या. ती पोकळी 9 फूट लांब, 7 फूट रुंद, उंची जास्तीत जास्त 3 फूट, छप्पर उतरतं. खडूनं हे माप जमिनीवर आखा, कमरेच्या उंचीला दोरी बांधा आणि मगच उतारा वाचा. गिरमिट सापडल्यावर त्यांनी फळीला भोकांच्या तीन ओळी पाडल्या, मधलं लाकूड काढलं आणि इंचभर झरोका केला. त्यातून आपली मुलं दिसत, पण त्यांना हाक मारायची सोय नव्हती. तिथूनच पत्रं लिहून ती न्यूयॉर्कहून टाकायची व्यवस्था केली, म्हणजे मालकानं उत्तरेत शोधत फिरावं. याला कुणी 'निमूट सहनशीलता' म्हटलं की मला राहवत नाही; हा रोज नव्यानं आखलेला डाव आहे. बराच काळ अभ्यासकांना हे पुस्तक कल्पित वाटत होतं. जीन फेगन येलिन यांनी पत्रव्यवहाराच्या आधारानं ते जेकब्ज यांचंच असल्याचं 1980 च्या दशकात सिद्ध केलं.

एकांकिका बसवणारा

सुझन ग्लास्पेल यांची 'ट्रायफल्स' (1916). पात्रं पाच, स्थळ एक : एका शेतघराचं थंड स्वयंपाकघर. जिच्यावर नवऱ्याच्या खुनाचा संशय आहे ती मिनी राइट रंगमंचावर येतच नाही. ग्लास्पेल यांनी पत्रकार म्हणून 1900-01 मध्ये आयोवातल्या मार्गारेट हॉसॅक खटल्याच्या बातम्या दिल्या होत्या. ज्युरीत सगळे पुरुष होते.

पुरुष खुनाचं कारण शोधत असतात, ते बायकांना स्वयंपाकघरातच सापडतं. म्हणून इथे सगळा भार वस्तूंवर आहे : थंडीनं फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, गोधडीचा एकच वेडावाकडा शिवलेला तुकडा, बिजागरीतून उखडलेलं पिंजऱ्याचं दार, डबीत रेशमात गुंडाळलेला मान पिरगळलेला कॅनरी पक्षी. डबीचं माप आधी ठरवा. शेवटी ती मिसेस पीटर्सच्या पिशवीत मावायला नको, पण शेजारीण मिसेस हेलच्या कोटाच्या खिशात सहज जायला हवी. डबी लहान निघाली तर शेवटचा क्षण फुकट जातो. खिसा मोठा करा आणि तालमीत पहिल्या दिवसापासून खरी डबीच वापरा.

नेहमी होणाऱ्या दोन चुका. पुरुषांना खलनायकासारखं बोलायला लावतात. ते सभ्य आणि कामात गढलेलेच हवेत, त्यांना स्वयंपाकघर वाचता येत नाही इतकंच. आणि बायकांना रडवतात. मिसेस पीटर्स शेरीफची बायको आहे, तिला पुरावा लपवायचाय. तिचं धैर्य हातांच्या हालचालीत दिसलं पाहिजे, म्हणून शेवटची दोन पानं जवळपास संवादाविना बसवा.

फुले-आंबेडकरी साहित्याचा अभ्यासक

मराठीशी दुवा जोडताना मोघम 'तिकडेही तसंच' म्हणू नये, कागद दाखवावा. जोतीराव फुल्यांनी 1873 ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून, अर्पण केली. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेऊन. जात आणि वंश एकच असं मात्र शिकवू नका. डग्लसना लिहायला-वाचायला मालकाच्या हुकमानं मनाई होती, इथे ती धर्माच्या आधारानं होती. हा फरक ठेवला की दोन्हीकडचं लेखन जास्त धारदार दिसतं.

वाचनगट चालवणारी

जॉन ओकाडा यांची 'नो-नो बॉय' (1957) अजून कुणी घेतली नाही. 1942 च्या अध्यक्षीय आदेशानंतर सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. पुढे त्यांना प्रश्नावली दिली गेली. 27वा प्रश्न : सैन्यात जाल का? 28वा : अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेऊन जपानी सम्राटावरची निष्ठा सोडाल का? कादंबरीचा नायक इचिरो सैन्यात जायला नकार देऊन तुरुंगात जातो आणि सुटून सिअॅटलला परततो, तिथून गोष्ट सुरू होते. गटात आधी हे दोन प्रश्न वाचा. जपानमध्ये जन्मलेल्या पहिल्या पिढीला त्या काळी अमेरिकन नागरिकत्व मिळूच शकत नव्हतं, म्हणजे 28व्याला 'हो' म्हटलं तर त्यांच्याकडे कुठलाच देश उरत नव्हता. हे न सांगता पुस्तक सुरू केलं की जपान हरला हे मानायलाच तयार नसलेली इचिरोची आई नुसती वेडी वाटते, आणि चर्चा 'तो भेकड होता का' यावरच अडकून पडते. इचिरोला स्वतःलाही त्याचं उत्तर ठामपणे देता येत नाही, आणि आपल्या नकाराला धैर्य म्हणायला तो तयार नाही.