शॉर्टकट नको, जंक्शन करा

विंडोजमध्ये गेमचं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवून जुन्या जागी शॉर्टकट ठेवला, तरी लाँचर (गेम सुरू करणारं अ‍ॅप) गेम सापडत नाही म्हणणारच. शॉर्टकट ही एक साधी फाइल असते, तिच्यामागे एक्सप्लोरर जातो, गेम जात नाही. इथे जंक्शन लागतं, म्हणजे जुन्या पत्त्यावरून थेट नव्या फोल्डरकडे नेणारी लिंक, जी गेमला खऱ्या फोल्डरसारखीच दिसते.

स्टीम वापरत असाल तर हा खटाटोप करूच नका, त्यात फोल्डर हलवायची सोय आहे. बाकीच्यांसाठी: लाँचर पूर्ण बंद करा, अगदी घड्याळाशेजारचं आयकॉनसुद्धा. फोल्डर डी वर कॉपी करा. मूळ फोल्डर लगेच उडवू नका, नावापुढे 'जुना' जोडा. त्याच नावाचं फोल्डर जागेवर असेल तर लिंक बनतच नाही.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये एमकेलिंक (mklink), स्लॅश जे (/J), आधी जुना पत्ता, नंतर नवा. कॉपीत आधी असलेलं फोल्डर आणि नंतर बनणारं येतं, इथे आधी बनणारी लिंक आणि नंतर असलेलं फोल्डर, आणि इथेच फसायला होतं. पत्त्यात स्पेस असेल तर दोन्ही पत्ते अवतरणचिन्हांत. पॉवरशेलमध्ये ही कमांड थेट चालत नाही. स्लॅश जेऐवजी स्लॅश डी दिलंत तर सिमलिंक (दुसऱ्या प्रकारची लिंक) बनते आणि तिला सहसा अ‍ॅडमिन हक्क लागतात. जंक्शन त्यांच्याशिवायही बनतं, पण नेटवर्क ड्राइव्हकडे नेता येत नाही.

गेम नीट चालला की 'जुना' काढा. पुढे लिंक काढायची झाल्यास साधी आरएमडीआयआर (rmdir) कमांड, स्लॅश एस अजिबात न लावता. यूएसबी ड्राइव्ह असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिचं अक्षर पक्कं करा, अक्षर बदललं की लिंक तुटते.