खिशातला चाकू: सरळ धार की दातेरी?

मालगंजकर
मंडळी, फोल्डिंग चाकू घ्यायचा आहे. पातं ३ इंच (७५ मिमी), रुंदी २० मिमी, स्टील ८सीआर१३एमओव्ही. तोच चाकू तीन प्रकारांत मिळतोय: पूर्ण सरळ धार, पूर्ण दातेरी, आणि अर्धी-अर्धी (मुठीकडची २५ मिमी दातेरी, पुढे सरळ). किंमत तिन्हींची एकच.

कामं अशी: दुकानात रोज पंधरा-वीस खोकी, त्यांवरच्या प्लास्टिकच्या पॅकिंग पट्ट्या, कट्ट्यांच्या तोंडची सुतळी. रविवारी इंदूरजवळ जानापाव नाहीतर चोरलकडे गेलो तर नायलॉनची दोरी, जाम (म्हणजे पेरू), काकडी, एखादी काडी तासणं. धार लावायला घरी एक जुना दुहेरी दगड आहे, नाहीतर गल्लीत येणारा धारवाला.

अर्धी-अर्धी घेतली की सगळंच भागेल असं वाटतंय. त्यात काही खोट आहे का? आणि दातांना धार लावतात तरी कशी?

सहाण
अर्धी-अर्धी घेऊ नका. बाकी दोन्हींचा विचार करता येतो.

दातेरी पात्यात हाताचा सगळा जोर आधी चार-सहा टोकांवर येतो. टोक तंतूंत घुसतं, मग दोन टोकांमधली खोबण तो तंतू धरून ठेवते आणि ओढताना कापते. म्हणून निसटणारी वस्तू, म्हणजे नायलॉन दोरी, सीटबेल्टची पट्टी, पावाची कडक साल, दातांना चटकन सापडते. शिवाय फळीला किंवा ताटाला टेकतात ती टोकं. खोबणीतली धार वरच्यावर राहते. त्यामुळे दातेरी चाकू बोथट झाला तरी बरेच दिवस कापत राहतो. कापतो म्हणजे फाडतो, पण काम होतं.

सरळ धार ओढूनही चालते आणि नुसती दाबूनही. काडी तासणं, फळाची साल काढणं, टेप चिरणं ही दाबून किंवा ढकलून करायची कामं. तिथे दात प्रत्येक तंतूला अडतात, काडीवर पायऱ्या पडतात, आणि जामाची साल गरासकट निघते.

आता तुमची यादी. पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी थर असतो. दाताचं टोक त्यात अडकतं, सोडवायला झटका द्यावा लागतो आणि आतल्या मालावर ओरखडा येतो. टेपचा चिकटा खोबणीत बसला की नखानेही निघत नाही. तरी रोजच्या पंधरा-वीस खोक्यांना चांगला चाकू लावूच नये असं माझं मत. पुठ्ठ्यात बारीक खनिज कण असतात, ते कुठलीही धार खातात. काउंटरवर १८ मिमीचा, पातं मोडत जायचा कटर ठेवा. धार गेली की तुकडा मोडायचा, संपलं.

पॅकिंग पट्टी ताणलेली असते म्हणून दोन्ही धारांनी तुटते. पातं पट्टीखाली घालायचं, धार बाहेरच्या बाजूला, तोंड आणि दुसरा हात पट्टीच्या रेषेबाहेर. तुटलेलं टोक उसळतं. लोखंडी पट्टीला चाकू लावू नका, ती पत्र्याच्या कात्रीचं काम. सुतळी सरळ धारेने एका ओढीत जाते, तिच्यासाठी दात घेण्यात अर्थ नाही.

अर्धी-अर्धीची खोट अशी. तासताना सगळ्यात जास्त जोर मिळतो तो मुठीलगतच्या धारेत, आणि कंपनीने दात नेमके तिथेच बसवलेले. पुढे उरते ५० मिमी सरळ धार, त्यातली निम्मी टोकाकडे वळलेली. दोरीला मात्र लांब ओढ लागते. २५ मिमीत दोन-तीन दात घासतात आणि दोरी पुढच्या गुळगुळीत भागावर येऊन बसते. वर्ष-दोन वर्षांनी आणखी एक भानगड: दगडावर सरळ भाग झिजतो, दात तेवढेच राहतात, मध्ये पायरी पडते. मग फळीवर पातं पूर्ण टेकतच नाही. हीच रचना १०० मिमीच्या पात्यावर चालून जाते, ७५ वर नाही.

दोन्ही हवंच असेल तर दोन वेगळी पाती असलेलं हत्यार बघा. लेदरमन वेव्हमध्ये एक पातं सरळ आणि एक दातेरी असतं, दोन्ही बाहेरूनच उघडतात. फक्त वजन खिशाला जाणवतं.

रामबागी
खोक्यांचं पटलं, दोरीचं अर्धवटच. १० मिमीची ओली नायलॉन दोरी, ताण नसलेली, हातात धरून कापून बघा. सरळ धार वरून घसरत राहते, दातेरी तीन ओढींत आरपार. डोंगरात चाकू बाहेर निघतो तो बहुतेक दोरीसाठीच. मी तर पूर्ण दातेरी सुचवीन, टोक बोथट असलेली. फळाला घरचा साधा चाकू पिशवीत टाकायचा.

सहाण
रामबागी, घसरते ती सरळ धार नव्हे, पॉलिश केलेली सरळ धार. ३००० नंबरच्या दगडावर (नंबर मोठा तितका दगड बारीक) चकचकीत केलेलं पातं दाढीला छान, नायलॉनवर निरुपयोगी. तेच पातं ४०० नंबरवर थांबवा. धारेवर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक करवती राहतात, त्या दोरीला चावतात. फक्त बर पूर्ण निघाली पाहिजे. बर म्हणजे घासताना धारेच्या पलीकडे वळलेली पातळ कड. ती राहिली तर पहिल्या दोन कापांत चाकू भारी वाटतो आणि तिसऱ्याला आडवी होऊन धार बसते. लोक स्टीलला शिव्या देतात, दोष असतो बरीचा.

ताण नसलेली दोरी हातात धरून कापू नये, हेही आलंच. ओंडक्यावर ठेवा, धार वर टेकवा, दाबून ओढा. फोल्डिंग चाकूच्या पाठीवर दगड मारू नका, पातं ज्यावर फिरतं तो खिळा ढिला होतो आणि पातं डुलायला लागतं. नायलॉन असो की पॉलिप्रॉपिलीन, कापल्यावर टोक लायटरने वितळवायचं. दातांनी कापलेलं टोक जास्त पिंजारतं, त्याला आधी टेपचा वेढा देऊन मग कापलं तर बरं.

अपघातात बेल्ट कापायचा असेल, होडीवर किंवा बचावपथकात काम असेल, तर मात्र दातेरीच, आणि बोथट टोकाचीच. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मालगंजकरांच्या यादीत ते नाही.

आता धार. सरळ पात्याला दर बाजूने २० अंश पुरे. अंश मोजायला यंत्र नको: २० मिमी रुंद पात्याची पाठ दगडापासून ७ मिमी वर उचलली की २० अंश होतात, ५ मिमी उचलली की १५. धारेवर मार्करची रेघ ओढा, दोनदा घासा, बघा. शाई पाठीकडची गेली तर पातं जास्त झोपलंय, अगदी काठाची गेली तर जास्त उभं आहे. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बोटाला बर लागेपर्यंत. मग बाजू बदलायची. शेवटी एकाआड एक पाच-सहा हलके हात आणि जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे, दहा वेळा.

दातांचं तंत्र वेगळं. बहुतेक पात्यांना दात एकाच बाजूने कोरलेले असतात, दुसरी बाजू सपाट. काम फक्त कोरलेल्या बाजूने करायचं. निमुळती गोल डायमंड काडी मिळते, २ ते ६ मिमी जाडीची. जिथे काडी खोबणीत बरोबर बसते ती जागा शोधा आणि प्रत्येक खोबणीत मूळ उतार धरून पाच ते आठ हात. मागे बर लागली की पुढची खोबण. सगळ्या झाल्या की सपाट बाजू १००० नंबरच्या दगडावर जवळजवळ आडवी ठेवून दोन-तीन हलके हात, बस. काडी खोबणीपेक्षा जाड घेतली तर खोबण होत नाही, टोकं मात्र गोल होतात. सपाट बाजू रगडली तर दात दर वेळी उथळ होत जातात. साधी गोल कानस या स्टीलवर घसरते, तो खटाटोप करू नका.

पाच-दहा दातांचा हिशेब असाच बसतो. पण काही स्वस्त चाकूंना करवतीसारखे अगदी बारीक दात असतात, त्यांना घरी धार लागत नाही. ते बोथट झाले की टाकायचे.

आणि दातेरी पातं धारवाल्याकडे द्यायचं नाही. त्याचं चाक सपाट, तो दोन फेऱ्यांत टोकं उडवतो. सरळ पातंही त्याच्या कोरड्या चाकावर तापतं. धारेवर निळा डाग दिसला तर तिथलं पाणी उतरलं समजा. तेवढा भाग घासून जाईपर्यंत धार टिकणार नाही.

स्नेहलतागंजची ताई
खाण्याच्या बाजूने दोन गोष्टी. जाम, लिंबू, आंबा यांचा रस खोबणीत आणि खिळ्याच्या फटीत बसतो. सरळ पातं एकदा पुसलं की झालं. दातेरीला जुना टूथब्रश हवा, खोबणीच्या दिशेने, पातं अर्धं मिटून नव्हे, पूर्ण उघडून. स्टेनलेस म्हणून पावसाळ्यात तसंच ठेवलं तर दातांच्या मुळाशी तपकिरी ठिपके येतात. खिळ्याला खोबरेल घालू नये, थोड्या दिवसांनी चिकट होतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन एक थेंब पुरे, पोटात गेलं तरी भीती नाही.

पिकलेल्या टोमॅटोला दातेरी बरी पडते हे खरं, पण ४०० नंबरची सरळ धारही टोमॅटोची साल पकडते. भुट्ट्याच्या किसाला मात्र किसणीच, तिथे चाकूवाल्यांनी येऊ नये.

मालगंजकर
बरंच डोक्यात शिरलं. दोन शंका. मी डावखुरा आहे, त्याने फरक पडतो का? आणि सियागंजातून दुकानापर्यंत असा चाकू खिशात घेऊन गेलं तर पोलिसांचा त्रास?

रामबागी
डावखुऱ्याला दातेरीत फरक पडतो. एकाच बाजूने कोरलेलं पातं कापताना सपाट बाजूकडे सरकतं. दोरीत कळत नाही, पण पाव किंवा काकडी कापली की चकती वर पातळ, खाली जाड. उजव्या हाताचे लोक मनगट नकळत वळवून ते सावरतात. कोरलेली बाजू त्यांच्या सोयीने ठेवलेली असेल तर डाव्या हाताला तेच उलट पडतं. सरळ धार दोन्ही बाजूंनी सारखी, तिला हात कळत नाही. म्हणजे इथे मीही सहाणभाऊंच्या बाजूला आलो.

धारेपेक्षा लॉक बघा, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी कळ. आतली पत्र्याची पट्टी बाजूला सारून मिटणारा लाइनर लॉक उजव्या अंगठ्यासाठी असतो, डाव्या हाताला तो बोटाने ओढावा लागतो आणि बोट पात्याच्या वाटेत येतं. पाठीवर दाबायचा लॉक दोन्ही हातांना सारखा. क्लिपसुद्धा बाजू बदलता येणारी घ्या.

कायद्याचं असं, की दाते आहेत की नाहीत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मध्य प्रदेशात शस्त्र कायद्याखालची १९७४ ची अधिसूचना आहे: ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं सार्वजनिक जागी बाळगायचं नाही, आणि स्प्रिंगने उघडणारा चाकू तर कितीही लहान पात्याचा असला तरी नाही. तुमचा ३ इंची, हाताने उघडायचा, त्या मापाच्या आत आहे. म्हणून बटणवाला टाळा. अंगठ्याने थोडं ढकललं की स्प्रिंगने पुढे उडतो तोसुद्धा टाळा, चौकात उभं राहून फरक कोण समजावत बसणार! निवडणूक किंवा तणावाच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांचे वेगळे मनाई आदेश असतात, तेव्हा घरीच ठेवा. विमानात हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनमध्ये टाका.

मालगंजकर
मग सरळ धार, पाठीचा लॉक. शेवटचं: माझा दगड मधोमध खोलगट झालाय. चालेल का नवीन घ्यावा?

सहाण
खोलगट दगडावर अंश टिकत नाही. मधे पातं एका कोनात टेकतं, टोकांना दुसऱ्या. मार्करची शाई पट्ट्यापट्ट्यांनी निघते. पण नवीन घ्यायची गरज नाही. सपाट फरशीचा तुकडा किंवा जाड काच घ्या, त्यावर १२० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. दगडावर पेन्सिलीने दोन्हीकडून तिरक्या रेघा मारा आणि गोल-गोल घासा, मधूनमधून पाणी. आधी कडेच्या रेघा जातील, मधल्या राहतील. मधल्याही गेल्या की दगड सपाट. दगडाला तेल पाजलेलं असेल तर आधी भांड्यांच्या साबणाने आणि ब्रशने धुऊन घ्या, नाहीतर पेपर लगेच भरतो. पेपर एक-दोन लागतील, खोली जास्त असेल तर तीन.