दुसऱ्या दुकानाची जागा मिळालीय, पण कंपनीचा लेखी होकार येत नाहीये

साताऱ्याची_केकवाली:

नमस्कार. साताऱ्यात राधिका रोडला माझं केकचं दुकान आहे, एका कंपनीची फ्रँचायझी. २०२१ च्या दसऱ्याला सुरू केलं. पहाटे पुण्याहून कंपनीची थंड गाडी बेस आणि क्रीम देऊन जाते, सजावट आम्ही दुकानातच करतो. कामाला दोन मुली आहेत. त्यातली एक कराडची, आणि ती इतकी तयार झालीय की आता एकटी दुकान सांभाळेल. तिच्या भरवशावरच दुसरं दुकान काढायचं मनावर घेतलं.

जागा कराडला विद्यानगरात, कॉलेजच्या वाटेवर. २८० चौरस फूट, समोरून १४ फूट रुंद. भाडं २२ हजार, डिपॉझिट दीड लाख. मे महिन्यात एरिया मॅनेजर येऊन बघून गेले. "ताई, जागा झकास आहे, धरून ठेवा," म्हणाले. म्हणून मी मालकांना २५ हजार टोकन दिलं. त्याला नऊ आठवडे झाले. आता हेड ऑफिसचा मेल आलाय: चालू दुकानापासून २ किलोमीटरच्या आत नवीन दुकान देता येत नाही, तुमचा अर्ज विचाराधीन आहे.

कराडच्या शनिवार पेठेत कंपनीचं आधीच एक दुकान आहे, दुसऱ्या एका गृहस्थांचं. नकाशावर सरळ रेघ मारली तर अंतर २ च्या थोडं आत भरतं, हे खरं. पण मध्ये कृष्णा आहे! पेठेत जायचं तर पूल ओलांडून कृष्णा नाक्यावरून जावं लागतं. वसतिगृहातली पोरं रात्री आठला वाढदिवसाच्या केकसाठी पेठेत जात नाहीत, जवळच्या बेकरीत मिळेल तो घेतात. तीन संध्याकाळी मी स्वतः तिथे उभी राहून पाहिलंय.

मालक काकांनी १५ तारखेपर्यंत मुदत दिलीय, त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आमचे मिस्टर म्हणतात, निदान फर्निचरची ऑर्डर तरी देऊन टाकू. देऊ का? आणि लेखी मंजुरी लवकर यावी म्हणून काय करता येईल?

नाशिकरोड_७:

ताई, फर्निचरला हात लावू नका. २०१९ मध्ये मी नेमकं हेच केलं. तोंडी होकारावर काउंटर, शोकेस सगळं बनवून घेतलं. मंजुरी आली, पण सोबत कंपनीचा स्वतःचा नकाशा आला आणि त्यात काउंटर उजव्या भिंतीला! १ लाख ८० हजारांचं काम उचकटलं. सुतार तोच, पण पैसे दोनदा मोजले.

साईट_बघणारा:

एका खाद्यपदार्थांच्या साखळीत मी नऊ वर्षं जागा तपासायचं काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एरिया मॅनेजरला मंजुरीचा अधिकार बहुतेक ठिकाणी नसतो. तो शिफारस करतो, सही वरचे लोक करतात आणि ते जागेवर येत नाहीत. त्यांच्यासमोर असतो फक्त फॉर्म. तुमची जागा मे महिन्यात बघितली, म्हणजे कॉलेजला सुट्टी असताना. वर्दळीच्या रकान्यात त्या दिवशी काय आकडा पडला असेल याचा विचार करा. तो फॉर्म नव्याने भरायला लावा, माझ्या मते तुमचं अर्ध काम इथेच आहे.

आता कॉलेज सुरू आहे. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार, संध्याकाळी ५ ते ९ दुकानासमोरून जाणारी माणसं मोजा. दर तासाचा आकडा वेगळा लिहा, पायी आणि दुचाकी वेगळे. सातच्या सुमाराला रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून व्हिडिओ काढा, पाटी किती लांबून दिसेल ते त्यात कळतं. मे महिन्यातली मंदीही लपवू नका. विक्रीच्या अंदाजात तो महिना कमी धरलेला दिसला की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

२ किलोमीटरच्या अटीचं म्हणाल तर ती पेठेतल्या गृहस्थांचा धंदा राखण्यासाठी आहे. तेव्हा त्यांनाच जाऊन भेटा, मिस्टरांना सोबत न्या. विद्यानगरातून त्यांच्याकडे किती ऑर्डर येतात ते विचारा. फारशा नसतील आणि त्यांनी "हरकत नाही" असं लिहून दिलं, तर हेड ऑफिसचा मुख्य अडसर गेला. आणि पुणे–सातारा–कराड ही गाडीची वाट एकच आहे, ती पेठेत येतेच आहे. तुमच्यासाठी फक्त पूल ओलांडायचा. वाहतुकीचा खर्च जवळपास वाढत नाही, हे अर्जात ठळक लिहा.

विजेचं काय? केकचे चिलर आणि डीप फ्रीझर आहेत, मंजूर भार किती आहे?

पुण्यातला_वकील:

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. करार आणि १८७२ चा करार कायदा यावरच सगळं चालतं, त्यामुळे करारातला शब्द महत्त्वाचा. तुमच्या करारात "त्रिज्या" लिहिलंय की नुसतं "अंतर"? त्रिज्या असेल तर सरळ रेघच धरली जाणार, मग वाद घालू नका, अपवाद मागा. नुसतं "अंतर" असेल तर रस्त्याने मोजलेलं अंतर मांडायला वाव आहे. "पूर्व लेखी संमती" हे शब्दही शोधा. ते असतील तर मॅनेजरच्या तोंडी बोलण्यावर विसंबता येणार नाही, आणि संमतीशिवाय पाटी लावली तर साताऱ्याचा करारही धोक्यात येऊ शकतो.

मालकांशी लेखी करा: कंपनीची मंजुरी अमुक तारखेपर्यंत आली नाही तर टोकन परत. पुढे लिव्ह अँड लायसन्स कराल तेव्हा त्याची मुदत फ्रँचायझीच्या मुदतीशी जुळवा. नोंदणी करायलाच हवी, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आत्ताच बघून घ्या.

साताऱ्याची_केकवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. सुट्टीतल्या फॉर्मचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅनेजरना फोन केला, ते पुढच्या बुधवारी संध्याकाळी ६ ला परत येतायत.

करार काढून वाचला. "त्रिज्या" असंच आहे, म्हणजे अपवादच मागायचा. पेठेतल्या दादांना काल भेटून आलो. वहीत बघून म्हणाले, विद्यानगरच्या ऑर्डर महिन्याला चार-पाच, त्याही घरपोच. लिहून द्यायला तयार आहेत, पण त्यांची एक अट आहे: घाऊक ऑर्डरसाठी मी पुलाच्या अलीकडे, म्हणजे त्यांच्या बाजूला यायचं नाही. मला ती रास्त वाटली, मी हो म्हणाले.

मालक काका टोकनचं लिहून देतायत, मुदतही महिनाअखेरपर्यंत वाढवली. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत उद्या देणार आहेत.

वीज मात्र सिंगल फेज निघाली. थ्री फेजचा अर्ज मालकांच्या नावाने महावितरणला करावा लागेल ना? त्याचा खर्च तुमच्याकडे कोणी उचलला, मालकाने की तुम्ही?

नाशिकरोड_७:

मीटर मालकाच्या नावावर, तर अर्जही त्यांच्याच नावाने. खर्च मी केला आणि तो पहिल्या तीन महिन्यांच्या भाड्यातून वळता करून घेतला. हे करारात लिहून घ्या ताई.