घर भरलेलं असताना सकाळचा नाश्ता: तुमचे अनुभव सांगा

गेल्या दिवाळीत आमच्याकडे 17 माणसं मुक्कामाला होती. पाडव्याच्या सकाळी मी घावनं घालायला उभी राहिले ती पावणेसातला, आणि शेवटचं घावन तव्यावरून उतरलं तेव्हा सव्वादहा वाजले होते. घावनं सुरेख जाळीदार झाली होती, सगळ्यांनी वाखाणली. पण नागपूरहून तीन वर्षांनी आलेल्या नणंदेशी त्या सकाळी माझं बोलणं झालं ते एवढंच, "अजून एक घालू का?" दुपारच्या गाडीने ती गेली. मोरीत तवा, दोन पातेली, मिक्सरचं भांडं, ताटल्या आणि वाट्यांचा ढीग होता आणि मला रडू येत होतं.

म्हणून हा धागा. दहा ते तीस माणसांचा असा नाश्ता, ज्याची तयारी आदल्या रात्री होते, सकाळी गॅसपाशी पंधरा-वीस मिनिटांच्या वर उभं राहावं लागत नाही आणि नंतर भांड्यांचा डोंगर उरत नाही. नुसती कृती नको. कुणासाठी केलंत, किती केलंत, काय फसलं, तेही लिहा.

सुरुवात मी करते. यंदा गणपतीत 15 जण होतो आणि मी दडपे पोहे केले. पाऊण किलो पातळ पोहे, दोन नारळ. घरात गणपती असल्यामुळे कांदा नाही, त्याऐवजी कोचवलेली काकडी. रात्रीच नारळ खवून ठेवले, शेंगदाणे आणि सांडगी मिरच्या तळून डब्यात भरल्या, कोथिंबीर निवडली. सकाळी परातीत पोहे, खोबरं, काकडी, मीठ, साखर, लिंबू घालून हाताने सारखं केलं, नारळाचं पाणी शिंपडलं, वर ताट पालथं घातलं आणि ताटावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला. अर्धा तास पोहे आपोआप दडपले गेले. तेवढ्या वेळात मी आरतीला उभी होते, पहिल्यांदाच पहिल्या ओळीपासून. नंतर फक्त हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी आणि त्यात शेंगदाणे. घासायला परात, एक ताट आणि फोडणीची पळी.

मालवण

आमच्याकडे चतुर्थीला मुंबईची तीन बिऱ्हाडं येतात, घरचे धरून 26 माणसं. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडस, म्हणजे जून काकडीच्या गोड वड्या, ठरलेलंच. काहीजण तवसळी म्हणतात. हे मी सविस्तर लिहिते, कारण आता करणारी घरं कमी होत चालली आहेत आणि गर्दीच्या सकाळी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

भाद्रपदात मांडवावरची तवशी (काकड्या) जून होऊन पिवळी पडतात. कोशिंबिरीला ती चालत नाहीत, धोंडसाला हवी तीच. साल आणि बिया काढून किसायचं. किसाला सुटलेलं पाणी टाकायचं नाही, सगळी चव त्यात असते. किसाच्या निम्मा तांदळाचा रवा कोरडाच मंद भाजून घ्यायचा. रव्याहून जरा कमी गूळ, मूठ-दोन मुठी ओलं खोबरं, चिमूट मीठ, वेलची. टोपात कीस आणि गूळ उकळला की रवा वैरून घट्ट होईपर्यंत ढवळायचं. मग दुसऱ्या जाड टोपाला तूप लावून तळाला हळदीचं पान घालायचं, त्यावर हे ओतून वरूनही पान. झाकण ठेवून झाकणावर निखारे. खाली विस्तव अगदी मंद.

सासूबाई रात्री नऊला हे लावायच्या आणि चूल निववून टोप रात्रभर तसाच ठेवायच्या. सकाळी झाकण उघडलं की हळदीच्या पानाचा वास माजघरापर्यंत जायचा. कडेने सुरी फिरवून वड्या कापायच्या, केळीच्या पानाच्या तुकड्यावर वडी आणि वर लोण्याचा गोळा. ताटल्या नाहीत, चमचे नाहीत. पानं गोठ्यात गेली की आवरलं.

मी आता ओव्हनमध्ये करते, 180 अंशांवर पाऊण तास, वरचा रंग बघत. निखाऱ्यांचा धुरकट वास येत नाही, बाकी तसंच होतं. गरम असताना मात्र कापू नका. मी एकदा घाईने कापलं आणि सगळ्याचा सांजा झाला. पूर्ण निवलं की मगच वड्या सुबक पडतात, म्हणून तर ते आदल्या रात्री करायचं.

इचलकरंजी

वीस माणसांना मिसळ. सव्वा किलो मटकी दोन रात्री आधी भिजवायची, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, त्या रात्री उसळ आणि कट करून ठेवायचा. कट मुरल्यावर दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, हे कुणालाही विचारा. सकाळी काम एकच, गरम करायचं. फरसाण पुड्यातून, पाव बेकरीतून, कांदा मात्र सकाळीच चिरायचा. रात्री चिरलेल्या कांद्याला उग्र वास येतो.

माझं एकदा फसलं ते जूनमध्ये, मुलाच्या मुंजीच्या आदल्या रात्री. मोठं पातेलं गरम असतानाच झाकून ओट्यावर ठेवलं आणि सकाळी उसळीला फेस होता. वीस पाहुणे उठलेले, आणि मी ते पातेलं घेऊन मागच्या दारी. तेव्हापासून पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून निववते, मग दोन लहान भांड्यांत काढून फ्रीजमध्ये. मोठ्या भांड्याचा मध्यभाग तासन् तास गरम राहतो, तिथूनच ते आंबायला लागतं. पावसाळ्यात हे विसरू नका.

पुणे

आम्ही 14 जण राजगडाला जाणार होतो, रात्री पायथ्याला गुंजवण्यात एका घरी उतरलो. पहाटे सहाला चढायला सुरुवात करायची, तर त्या घरच्या मावशींना चारला उठवणं बरं दिसेना. मी घरून उपम्याचं कोरडं मिश्रण नेलं होतं.

एक किलो जाड रवा मंद आंचेवर वीस मिनिटं भाजला. तेलात मोहरी, उडीद डाळ, हिंग, सुक्या मिरच्या आणि कढीपत्ता. कढीपत्ता कुरकुरीत झाला पाहिजे, बोटांनी चुरला जाईल इतका. त्यात ओल राहिली तर मिश्रणाला बुरशी धरते. मीठ आणि थोडी साखर घालून रव्यात कालवलं, पूर्ण गार झाल्यावर डब्यात. खोबरं घालायचं नाही, खवट होतं. हे दोन-तीन आठवडे सहज टिकतं.

सकाळी एका भांड्याला अडीच ते तीन भांडी या हिशेबाने उकळतं पाणी ओतलं, ढवळलं, घट्ट झाकून आठ मिनिटं ठेवलं. वर लिंबू. मावशी उठल्या तेव्हा आम्ही त्यांच्यासाठीही वाढून ठेवलं होतं. पातेलं एकच. रिकामं झाल्या झाल्या त्यात पाणी भरून ठेवा, वाळलेला रवा निघता निघत नाही. ताटल्यांऐवजी पळसाच्या पत्रावळ्या नेतो. पूर्वी गट थर्माकोलच्या ताटल्या न्यायचे आणि गडाच्या वाटेवर त्या उडत असायच्या. 2018 मध्ये राज्यात त्यांच्यावर बंदी आली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

डोंबिवली

माझा अनुभव आनंदाच्या घराचा नाही, तरी लिहिते. शेजारचे काका गेले तेव्हा गावाहून अठरा-वीस माणसं आली. त्यांच्याकडे दहा दिवस फोडणी टाकत नाहीत. आम्ही मजल्यावरच्या चार घरांनी सकाळ वाटून घेतली. माझ्या वाट्याला जो दिवस यायचा त्या दिवशी मी दहीपोहे न्यायचे. पोहे भिजवून, दही-दूध, मीठ, साखर, आल्याचा कीस, बाजूला लिंबाचं लोणचं. दूध जास्त आणि दही कमी ठेवायचं, म्हणजे उशिरा खाणाऱ्यालाही आंबट लागत नाही.

एक गोष्ट मी त्यात शिकले. अशा घरी आपली भांडी नेली की ती कुणाची, कुठे द्यायची, हा भार त्यांच्यावर पडतो. म्हणून मी झाकणाचा एकच मोठा डबा न्यायची, द्रोण न्यायची, आणि तासाभराने जाऊन डबा तसाच उचलून आणायची. काकूंनी चौथ्या दिवशी पहिल्यांदा दोन घास खाल्ले. त्या अजून कधीतरी दहीपोहे मागून नेतात.

लातूर

नवरात्रात आमच्या गल्लीतल्या 30 बायका बसने तुळजापूरला जातात. पहाटे निघायचं, दर्शनाची रांग मोठी, खायचं काय? दशम्या. कणीक किंवा ज्वारीचं पीठ दुधात भिजवायचं, पाण्याचा थेंब नाही. दुधात भिजवलेली दशमी मऊ राहते आणि जास्त टिकते. जुन्या बायका प्रवासात दशमीच न्यायच्या, कारण ती सोवळ्यालाही चालायची. आदल्या संध्याकाळी सहा जणी एका घरी जमतो, दोघी थापायला, दोघी भाजायला, दोघी पुसून गठ्ठे करायला. दीड-दोन तासांत शंभर होतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, बरणीभर ठेचा. दशमी तळहातावर, चटणी दशमीवर. धुवायचं काय, तर हात.

अकोला

आमची उकडपेंडी कुणी लिहिली नाही म्हणून दोन ओळी. जाडसर कणीक रात्रीच तांबूस भाजून ठेवायची. सकाळी कांदा-मिरचीची फोडणी, त्यात कणीक, वरून ताकमिश्रित पाण्याचे हबके देत वाफ. दहा माणसांना एक कढई, एक उलथनं, पंधरा मिनिटं.

डॅलस

आईने पाठवलेली भाजणी आणि घरात 12 पाहुणे, त्यात सहा मुलं. थालीपीठं एकेक लावत बसले असते तर ताईंची दिवाळीची सकाळ माझ्याकडेही झाली असती. मी रात्रीच कांदा, कोथिंबीर, तीळ घालून भाजणी भिजवली, नेहमीपेक्षा जरा सैल. ओव्हनच्या दोन मोठ्या ट्रेंवर बटर पेपर पसरून त्याला तेल लावलं, पीठ ओल्या हाताने थापलं, बोटांनी भोकं पाडली आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी वरून तेल लावून 200 अंश सेल्सियसवर 25 मिनिटं. सुरीने चौकोन कापले, वर लोणी. कागद गुंडाळून टाकला, ट्रे कोरडे.

पहिल्या वेळी मी जाड थापलं होतं, मध्ये कच्चं राहिलं. भाकरीएवढी जाडी हवी, त्याहून जास्त नाही. तव्यावरचा खमंगपणा यात पूर्ण येत नाही हे खरं आहे, पण कडा इतक्या खुसखुशीत होतात की मुलांची त्यावरून भांडणं लागतात.

नाशिक

वर कुणी कांदेपोह्यांचं लिहिलं नाही. आदल्या रात्री केलेले पोहे सकाळी वातड होतात, तो नाद नको. पण फोडणी रात्री करता येते. दहा-बारा जणांना किलोभर जाड पोहे धरा. तेलात मोहरी, मिरची, कढीपत्ता, हळद आणि सहा-सात कांदे पूर्ण परतून गार करून फ्रीजमध्ये. सकाळी पोहे रोळीत धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवायचे, तेवढ्यात फोडणी गरम होते. पोहे, मीठ, साखर घालून दोन वाफा. कांदा चिरणं आणि परतणं यातच सगळा वेळ जातो, तो रात्रीकडे ढकलला की झालं.

सांगली

माझं वय 71. पत्नीचे गुडघे दुखतात, तरी मुलं-नातवंडं आली की ती पहाटे उठून स्वयंपाकघरात शिरायची. आम्ही 11 जण होतो. या मे महिन्यात मी ठरवलं की नाश्ता माझा. आयुष्यभर चहापलीकडे काही केलं नव्हतं. सुनेने रात्री मोकळ भाजणी शिकवली. भाजणीत ताक, मीठ, तिखट घालून भिजवून ठेवायचं, सकाळी जाड बुडाच्या कढईत भरपूर लसणीची फोडणी, त्यात ती घालून झाकण, आणि दर चार मिनिटांनी उलथन्याने मोकळी करायची. गोळे राहिले तर काट्याने फोडायचे. मी अर्धा तास त्या कढईजवळून हललो नाही. पत्नी बाहेर झोपाळ्यावर धाकट्या नातीची वेणी घालत होती. तिची बशी मी तिथेच नेऊन दिली. तिने मीठ कमी आहे म्हणून सांगितलं आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं.

आता दिवाळीत सगळे परत येणार आहेत. सातूचं पीठ रात्री कालवून ठेवलं तर सकाळपर्यंत चांगलं राहतं का, की सकाळीच दुधात कालवावं? गुळाचं प्रमाणही कुणी लिहिलं तर बरं होईल.