मदत हवी आहे : जोयडामार्गे कारवार आणि गोकर्ण

नमस्कार. डिसेंबरअखेर खानापूरहून लोंढा, रामनगर, जोयडा, अणशी घाट या मार्गाने कारवारला उतरून पुढे गोकर्णला जाण्याचा विचार असून, सोबत गुडघेदुखीने त्रस्त ७० वर्षांची आई आणि धनेश पक्षी (हॉर्नबिल) पाहण्याचा हट्ट धरून बसलेला मुलगा आहे. गेल्या पावसाळ्यात याच रस्त्यावर केवळ चहासाठी थांबलो, तर मोज्यात चार जळवा निघाल्या. डिसेंबरात तो त्रास नसावा, असे मानतो. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात धनेश दिसण्यासाठी मुक्काम दांडेलीत करावा की जोयड्यात? गोकर्णची कुडले ते ओम किनारा ही डोंगरवाट आईला झेपणार नाही, हे उघड आहे. परंतु रिक्षाने गेल्यावरही ओमला पायऱ्या उतराव्या लागतात, त्या कितपत अवघड आहेत, हे अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.