महागाई रेगन यांनी आटोक्यात आणली, कार्टर यांनी नव्हे?

जिमी कार्टर (१९७७-८१) आणि त्यांच्यानंतरचे रोनाल्ड रेगन (१९८१-८९) या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांबद्दल 'कार्टर यांनी महागाई वाढवली, रेगन यांनी ती मोडली' असं म्हटलं जातं, पण ते अर्धवट आहे. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, अध्यक्षपदी नेमलं ते कार्टर यांनीच. त्याच ऑक्टोबरात व्होल्कर यांनी व्याजदर ठरवण्याऐवजी बँकांकडच्या राखीव निधीवर, म्हणजे पैशाच्या पुरवठ्यावर, लगाम घालायला सुरुवात केली. व्याजदर मोकळे सुटले आणि १९८१ मध्ये १९ टक्क्यांवर गेले. मार्च १९८० मध्ये १४.८ टक्के असलेली महागाई १९८३ पर्यंत तीन-साडेतीन टक्क्यांवर आली.

महागड्या कर्जाच्या अशा औषधाचा गुण यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, त्रास मात्र लगेच होतो. कार्टर यांच्या वाट्याला त्रास आला आणि १९८० ची निवडणूकही त्यातच आली. त्यात मार्च १९८० चे कर्जनियंत्रण, म्हणजे कर्ज देण्यावर घातलेली सरकारी बंधनं, ही त्यांची स्वतःची चूक. लोकांनी क्रेडिट कार्ड वापरणंच थांबवलं, अर्थव्यवस्था आपटली आणि जुलैपर्यंत ते नियंत्रण मागे घ्यावं लागलं.

रेगन यांचं श्रेय वेगळं आहे, आणि ते द्यायलाच हवं. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली, मध्यावधी निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातल्या २६ जागा गेल्या, तरी त्यांनी व्होल्कर यांना हटवलं नाही; १९८३ मध्ये पुन्हा नेमलं.

विमान, ट्रक आणि रेल्वे वाहतुकीवरची सरकारी बंधनं सैल करणारे १९७८ आणि १९८० चे कायदेही कार्टर यांच्याच सहीचे. बाजार मोकळा केल्याचं श्रेय सरसकट रेगन यांच्या खात्यावर मांडणाऱ्यांनी आधी या तारखा पाहाव्यात.