गॅरेजची भिंत: इन्सुलेशनच्या आधी ओल शोधा

नमस्कार मंडळी,

गॅरेजमध्ये सुतारकामासाठी जागा करायची आहे. घराला लागून असलेली भिंत लाकडी स्टडची (उभ्या लाकडी खांबांची चौकट), बाकीच्या तीन काँक्रीट ब्लॉकच्या. थंडीत आत उभं राहवत नाही. ब्लॉकवर लाकडी चौकट करून त्यात फायबरग्लास (काचतंतूंची लोकरीसारखी गादी) भरायचं, वर प्लास्टिक आणि ड्रायवॉल (जिप्समचे फलक), असा बेत आहे. एका कोपऱ्यात जमिनीलगत पांढरी पूड होती, ती घासून काढली. कोणी हे काम केलंय का?

---

नमस्कार,

कृपया एवढ्यात काही ठोकू नका. मी अगदी हेच केलं होतं. दोन हिवाळ्यांनी कपाट हलवलं, तर ड्रायवॉलच्या खालच्या कडेला काळे ठिपके. उघडून पाहिलं तर फायबरग्लास ओल्या कापसासारखं खाली बसलेलं, आणि तळाची लाकडी पट्टी बोटाने दाबली तरी दबत होती. सगळं काढून टाकावं लागलं.

तुम्ही घासलीत ती पूड म्हणजे लोणा. ब्लॉकमधून झिरपणारं पाणी क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तेव्हा आधी एक करा. प्लास्टिकचा हात-दीड हात चौकोनी तुकडा भिंतीवर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं, तर ओल बाहेरून येते आहे. आपल्या बाजूला थेंब दिसले, तर ती खोलीतल्या हवेतली वाफ. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

---

दोन्ही सापडलं! लोणा होता त्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या मागे पाणी, समोरच्या भिंतीवर मात्र खोलीकडच्या बाजूला थेंब. बाहेर जाऊन पाहिलं, तर छपराच्या पन्हळीचा पाइप नेमका त्या कोपऱ्याच्या पायथ्याशी रिकामा होतो.

---

मग कोपऱ्याचं कारण बहुधा तेच. पाइप भिंतीपासून निदान पाच-सहा फूट लांब न्या, आणि मातीला घरापासून दूर उतार द्या. पहिल्या १० फुटांत ६ इंच हा सर्वसाधारण हिशोब. त्यानंतर एक पावसाळी हंगाम जाऊ द्या आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या. घाई होते, मला कळतं, पण ओल्या भिंतीवर चढवलेलं काहीही टिकत नाही.

दुसऱ्या भिंतीचं कारण दव. खोलीत २० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर ९ अंशांच्या आसपास थंड झालेल्या पृष्ठभागावर पाणी धरतं. फायबरग्लासमधून हवा आरपार जाते, म्हणून ती वाफ मागच्या गार ब्लॉकपर्यंत पोहोचते आणि तिथेच थांबते. त्यापेक्षा ब्लॉकला थेट चिकटणारी फोम शीट लावा, मागे पोकळी नको. २ इंच जाडीची एक्सपीएस शीट (घट्ट पॉलिस्टायरीन फोम) साधारण आर-१० देते; आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं. सांधे टेपने आणि कडा फोमने बंद करा. त्यावर वेगळं प्लास्टिक लावू नका, चुकून आत गेलेल्या ओलीला वाळायला वाट राहत नाही. फोम उघडा ठेवायचा नसतो, आगीच्या धोक्यामुळे त्यावर ड्रायवॉल हवंच. ते मात्र जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा, कारण काँक्रीट पाणी वर ओढतं.

हिवाळ्यात गाडीबरोबर येणारा बर्फही वितळून आतच सुकतो, तेव्हा तो बाहेर लोटून द्या.

---

दादांच्या म्हणण्यात एक भर. ऊब म्हणून धुराडं नसलेला प्रोपेन हीटर आत लावू नका. १ किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. आमच्या खिडकीवर रोज सकाळी ओघळ असायचे, आणि कारण कळायला अख्खा हिवाळा गेला. शिवाय कार्बन मोनॉक्साइडची भीती. घराला लागून असलेल्या भिंतीतल्या वायर-पाइपच्या फटीही बुजवून टाका, म्हणजे गॅरेजमधली हवा घरात शिरणार नाही.